कानामात्राबाईंचे जुने शब्द

कचेरीत त्यांना कानामात्राबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठीमागे कानामात्रा. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. लग्नाआधी नऊ वर्षं त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. चुकलेली वेलांटी त्यांना घासातल्या खड्यासारखी दाताखाली यायची. यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत दोघांचा संसार. यजमान गिऱ्हाइकांना सांगायचे, की माझ्याकडे लोक दिसत नाही म्हणून येतात, आणि हिला नको तेवढं दिसतं म्हणून मी हिला दुकानात बसवत नाही.

कचेरी होती हरवलेल्या माणसांच्या नोंदीची. घरचे लोक येऊन आपलं माणूस हरवल्याचं लिहून द्यायचे. निवारागृहं आणि दवाखाने आपल्याकडे आलेल्या, नाव-पत्ता सांगता न येणाऱ्या माणसांची नोंद करायचे. दोन नोंदी एकमेकींशी जुळल्या की माणूस घरी जायचा. आधी हे सगळं जाडजूड वह्यांवर चाले. मग संगणक आले, पण त्यांच्याबरोबर आलेला प्रोग्राम परक्या भाषेतला होता. पडद्यावरचा एकूण एक शब्द, प्रत्येक बटण, प्रत्येक यादी आपल्या भाषेत आणायचं काम कानामात्राबाईंकडे आलं.

त्यांनी ते मन लावून केलं. अकरा दिवस त्या खिडकीशी, चौकशीला बसणाऱ्या बाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि येणारे लोक आपल्या माणसाचं वर्णन कसं करतात ते ऐकत राहिल्या. परक्या भाषेतल्या एकेका शब्दासमोर मग त्यांनी लोकांच्या तोंडचा शब्द मांडला. शरीरावरच्या खुणांच्या यादीत आलं ‘पोळल्याचा डाग’, ‘सहावं बोट’, ‘घारे डोळे’. सवयींच्या यादीत ‘विसरतो’, ‘अडखळतो’. रडत आलेल्या माणसाला यादी वाचून दाखवली की तो मध्येच म्हणायचा, हां, हेच.

नऊ वर्षं ते शब्द चालले. नंतर कचेरीला नवे साहेब आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पडद्यावर नजर टाकली आणि हसून विचारलं, की ही यादी स्वयंपाकघरात बसून केलीय का? चारचौघांत विचारलं. बाईंना ते लागलं. खरं तर त्यांनी सांगायला हवं होतं, की हो, लोक स्वयंपाकघरातूनच उठून आमच्याकडे येतात. पण त्या गप्प राहिल्या. आठ दिवसांनी साहेबांनीच त्यांना बोलावून यादी सुधारायला सांगितलं, वर ‘भाषा सल्लागार’ अशी पितळी पाटीही देऊ केली. मग बाईंनी तीन शब्दकोश उघडले. पोळल्याच्या डागाचा दाहव्रण झाला. सहावं बोट अतिरिक्त अंगुली झालं, घारे डोळे पिंगट नेत्र झाले, विसरण्याचा स्मृतिभ्रंश झाला आणि अडखळण्याचा वाचादोष. दोन आठवड्यांत सगळी यादी कशी कडक इस्त्री केल्यासारखी दिसू लागली. बाईंनी ती घरी आणून यजमानांना वाचून दाखवली. यजमान म्हणाले, “छान आहे. आजारी पडल्यासारखं वाटलं ऐकून.” त्यावर दोघं हसले.

त्याला बावीस महिने झाले, तेव्हाची गोष्ट.

सकाळची अकराची वेळ. कुणा आजोबांचा फोन नंबर बदलला होता, म्हणून खिडकीवरच्या बाईंनी त्यांच्या मुलीची जुनी नोंद दुरुस्तीसाठी उघडली आणि एका जोडाक्षराचं विचारायला कानामात्राबाईंना हाक मारली. बाई वाकून बघायला लागल्या. जोडाक्षर ठीक होतं. पण खुणेचा रकाना रिकामा होता.

ही नोंद बाईंना आठवत होती. त्या मुलीच्या उजव्या हाताला सहावं बोट होतं. आजोबांनी त्या बोटाला एक लाडकं नावही ठेवलं होतं आणि सांगताना ते हसता हसता रडले होते. रकाना रिकामा असणं शक्यच नव्हतं. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, की जुन्या नोंदींत असं हल्ली बरेचदा दिसतं, आधी कुणी भरलं नसेल. असं म्हणत त्यांचा हात ‘जतन करा’ या बटणाकडे गेला. कानामात्राबाईंनी त्यांचं मनगट धरलं. का धरलं हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

प्रोग्रामचं सगळं बघणारा गृहस्थ सहा फूट दोन इंच होता. सगळे त्याला लंबू म्हणायचे आणि तोही फोन उचलताना ‘लंबू बोलतोय’ असंच म्हणायचा. तो आला, आणि आपल्या संगणकावर जाऊन त्याने नोंदीचा आतला साठा उघडला. आत ‘सहावं बोट’ होतं. जसंच्या तसं.

“बाई,” तो म्हणाला, “या प्रोग्रामने शब्दच साठवलेत.”

मग त्याने नीट समजावलं. यादीतून एखादी खूण निवडली, की आत तिचा नुसता क्रमांक साठवायला हवा. सात नंबरची खूण, एवढंच. सात नंबरला पडद्यावर काय म्हणायचं हे वेगळीकडे लिहिलेलं असावं, म्हणजे शब्द बदलला, भाषा बदलली, तरी नोंदीला धक्का लागत नाही. पण ज्याने कुणी हा प्रोग्राम लिहिला त्याने पडद्यावर दिसणारा शब्दच उचलून नोंदीत ठेवला होता. बाईंनी यादी बदलली त्या दिवसापासून जुन्या नोंदींत जुने शब्द होते आणि नव्या नोंदींत नवे. प्रोग्रामच्या लेखी ‘पोळल्याचा डाग’ आणि ‘दाहव्रण’ या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. त्यामुळे जुळणी होत नव्हती. त्यातून कुणी जुनी नोंद दुरुस्तीला उघडली, की तिच्यातला जुना शब्द नव्या यादीत सापडायचा नाही आणि रकाना कोरा दिसायचा. ती तशीच जतन केली, तर आतला शब्दही पुसला जायचा, कायमचा.

“किती नोंदी आहेत?” बाईंनी विचारलं.

जुन्या शब्दांच्या दोन हजार तीनशे सोळा होत्या. त्यांतल्या चारशे बारा या बावीस महिन्यांत कुणी ना कुणी उघडून जतन केल्या होत्या.

बाई उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. खिडकीसमोर तेव्हा चार माणसं रांगेत होती. प्रत्येकाच्या नोंदीचा क्रमांक घालून खिडकीवरच्या बाई ‘जुळणी शोधा’चं बटण दाबत होत्या आणि मान हलवत होत्या. काही नाही. काही नाही. पुढच्या महिन्यात येऊन बघा. कानामात्राबाईंनी त्या दिवसापर्यंत हे हजारदा ऐकलं असेल. आता त्यांना प्रत्येक ‘काही नाही’ आपल्या तोंडून निघाल्यासारखं वाटलं.

साहेबांनी आधी डोक्याला हात लावला आणि मग दार लावून घेतलं. त्यांचं म्हणणं, की हा प्रोग्राम लिहिणाऱ्याचा दोष आहे. झाला प्रकार गुपचूप दुरुस्त करावा आणि बाहेर वाच्यता नको. दोष प्रोग्रामचा होता, हे खरंच होतं. शब्द बदलले तर असं होईल हे बाईंना कुणी सांगितलं नव्हतं आणि साहेबांना तर कळायचं कारणच नव्हतं. पण बाईंच्या मनात एकच घोळत राहिलं. जुने शब्द चांगले चालले होते. ते बदलायची गरज एका माणसाच्या हसण्यापायी निर्माण झाली होती.

लंबूने त्याच दुपारी जुन्या नोंदी जतन करणं बंद करून टाकलं, म्हणजे निदान पुढचं नुकसान थांबलं. मग त्याने बाईंना सांगितलं, की प्रत्येक खुणेला क्रमांक देऊन जुना शब्द आणि नवा शब्द दोन्ही त्याच क्रमांकाला बांधायचे. पण कुठला जुना शब्द कुठल्या नव्याचा, हे फक्त तुम्हीच सांगू शकता. बाईंनी दोन दिवसांत तक्ता केला. एकोणऐंशी शब्दांपैकी अठ्ठ्याहत्तर सरळ बसले.

बसला नाही तो ‘अडखळतो’. परक्या भाषेत तिथे बोलण्यातला दोष होता आणि बाईंच्या मनातही तेच होतं. पण नोंद करणाऱ्यांपैकी कित्येकांनी तो शब्द चालण्यातला समजून वापरला होता, कारण माणूस चालतानाही अडखळतो. ‘अडखळतो’ लिहिलेल्या एकूण एकशे त्रेचाळीस नोंदी होत्या. त्यांतला कोण तोतरा आणि कोण लंगडा हे संगणकाला कुठून कळणार? बाई म्हणाल्या, मी फोन करते.

पहिल्याच फोनवर त्यांनी कचेरीचं नाव सांगितलं आणि पलीकडून एका बाईचा श्वास ऐकू आला. मग दुसऱ्या कुणाला तरी मारलेली हाक, खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि “सापडला?” सापडला नव्हता. तो चालताना अडखळायचा की बोलताना, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पाच वर्षांनी. पलीकडची बाई म्हणाली, बोलताना. आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांनी वाक्य पाठ केलं. कचेरीचं नाव घ्यायच्या आतच म्हणायचं, की बातमी काही नाही, फक्त एक विचारायचं आहे. तरीही लोकांचा श्वास अडकायचाच. कुणी चिडायचं. कुणी दहा-दहा मिनिटं बोलत राहायचं, कारण त्या माणसाबद्दल कित्येक वर्षांत कुणी काही विचारलंच नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ विचार करकरून म्हणाले, “अडखळायचा म्हणजे दारात अडखळायचा, बाई. आत यायला. मी रागावलेला असलो की.” बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं आणि त्याच्यापुढे काय भरावं हे त्यांना सुचेना. अखेर त्यांनी तो रकाना कोरा ठेवला. एका घरी तर फोन उचलला खुद्द हरवलेल्या माणसानेच. दोन वर्षांपूर्वीच तो आपला आपण परत आला होता आणि कचेरीला कळवायचं घरच्यांच्या ध्यानातून गेलं होतं. “मी ब-ब-बोलताना,” तो म्हणाला, आणि बाई इतक्या जोरात हसल्या की लंबू धावत आला. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते बराच वेळ थांबलं नाही.

दरम्यान लंबूने कपाटाच्या तळातून साठ्याची एक जुनी प्रत शोधून काढली होती. ती अर्धवट बिघडलेली होती. तिच्यातून त्याने कोऱ्या झालेल्या चारशे बारांपैकी तीनशे एक्कावन्न नोंदींतले शब्द परत मिळवले. एकसष्ट राहिल्या त्या राहिल्याच. त्या घरांना लावलेले फोन बंद लागत होते, नाही तर परकंच कुणी उचलत होतं.

पाच आठवडे हे चाललं. घरी बाईंचं लक्ष लागेना. चहा उतू जायचा. यजमान काही विचारायचे आणि बाई उत्तर द्यायला तोंड उघडून थांबायच्या. एखादा साधा शब्द, टोपण म्हणा, फडकं म्हणा, जिभेवर यायचा आणि त्याच्याकडे बघत राहावं तशा त्या थबकायच्या. हा म्हटला तर काय होईल, दुसरा म्हटला तर काय होईल. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका दिसणं बंद झालं. त्याऐवजी पाटी वाचली की वाटायचं, या अक्षरांच्या मागे जुनी अक्षरं असतील, रंगाच्या थराखाली, आणि तिथे कुणीतरी उभं असेल. यजमानांनी एकदा न राहवून म्हटलं, “अगं, तू कुणाला मारलंयस का?” ते थट्टेत म्हणाले होते. बाईंनी उत्तर दिलं, की अजून कळायचंय.

सहाव्या सोमवारी ते कळलं. सगळ्या नोंदींना क्रमांक लागले आणि लंबूने एकदम सगळ्यांची जुळणी लावली. पडद्यावर अकरा जोड्या आल्या. चौकशीअंती तीन चुकीच्या निघाल्या. आठ खऱ्या होत्या. सात माणसं जिवंत होती, आणि पुढच्या पंधरवड्यात ती सातही घरी गेली. कचेरीत पेढे वाटावेत असा आनंद झाला. साहेबांनी बाईंच्या पाठीवर हात ठेवला.

आठवी जोडी अशी होती. एका शिंपिणीने चार वर्षांपूर्वी धाकटा भाऊ हरवल्याचं नोंदवलं होतं. वय बेचाळीस, वारा लागल्यासारखा घरातून निघून जातो, नाव विचारलं तर सांगत नाही. खूण, डाव्या हाताला कोपराखाली पोळल्याचा डाग. दीड वर्षापूर्वी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या निवारागृहाने एका माणसाची नोंद केली होती. वय अंदाजे पंचेचाळीस. डावा हात, दाहव्रण. तो माणूस तिथे अकरा महिने राहिला आणि छातीच्या दुखण्याने वारला. त्याला आता सात महिने होऊन गेले होते.

शिंपीण कोण हे बाईंना विचारावं लागलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी यायची ती, खांद्यावर मोजपट्टी तशीच लटकत असायची. एकदा खिडकीवरच्या बाई रजेवर असताना कानामात्राबाईंनी स्वतः तिचा क्रमांक घालून बटण दाबलं होतं. काही नाही, ताई. ऊन फार होतं म्हणून पाणीही दिलं होतं. बाईंनी ती तारीख काढून पाहिली. भाऊ तेव्हा निवारागृहात होता. बसने पाऊण तास.

साहेबांचं मत पडलं, की रीतसर पत्र धाडावं. प्रोग्रामच ते पत्र तयार करायचा. बाईंनी ते छापून पाहिलं. नाव, क्रमांक, आणि खाली एक ओळ, ‘आपल्या नोंदीची स्थिती : निकाली’. तो शब्दही त्यांचाच होता. त्यांनी कागदाची घडी केली, पिशवीत टाकली आणि साहेबांना सांगितलं, की मी स्वतः जाते. साहेबांनी बजावलं, की फक्त बातमी द्या, शब्दांच्या भानगडीत शिरू नका. बाई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत.

शिंपिणीची खोली तळमजल्यावर होती. खिडकीशी मशीन, भिंतीला खडूच्या खुणा केलेल्या, कापड बेतायच्या कागदांचा ढीग, दोरीवर अर्धवट शिवलेले सदरे. बाईंना दारात पाहताच तिने मशीनवरचा पाय उचलला.

बाईंनी बातमी सांगितली. मग बाकीचंही सांगितलं, सगळं. जुनी यादी, नवी यादी, ती कुणी बदलली आणि का बदलली. सांगताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, मशीनच्या चाकाकडे पाहत राहिल्या. सांगून झालं तेव्हा शेजारच्या घरातल्या नळाची धार ऐकू येत होती.

“मी यादीतलं काय निवडलं होतं?” शिंपिणीने विचारलं.

“पोळल्याचा डाग.”

“मग माझं बरोबर होतं.”

“तुमचं बरोबर होतं, ताई.”

तिने मांडीवरचा सदरा उचलून बाजूला ठेवला. मग तिने सांगितलं, की तो डाग तिच्याच इस्त्रीचा. ती अकरा वर्षांची होती आणि तो सहा. आई कामाला गेलेली. तो मध्ये मध्ये लुडबुडत होता म्हणून तिने त्याला भीती दाखवायला इस्त्री जवळ नेली, आणि तो मागे सरायच्या ऐवजी पुढे आला. आईला त्याने कधी सांगितलं नाही. आपणच हात लावला म्हणाला. “मला वाटायचं,” ती म्हणाली, “निदान त्या डागामुळे तरी तो सापडेल. तेवढ्यासाठी तरी तो उपयोगी पडेल.”

बाईंना माफी मागायची होती. घरून निघताना त्यांनी वाक्यंही जुळवली होती. पण त्यांतलं एकही आता बोलण्याजोगं वाटेना, आणि शिंपिणीनेही त्यांना तशी सवड दिली नाही. ती उठून म्हणाली, “मला तो राहायचा ती जागा बघायची आहे.”

दोघी बसने गेल्या. पाऊण तास एका बाकावर शेजारी बसल्या. निवारागृहातल्या परिचारिकेने त्यांना लांबट दालन दाखवलं, भिंतीकडची तिसरी खाट दाखवली. तिथे आता दुसरा कुणी झोपला होता. परिचारिकेने सांगितलं, की त्यांना आम्ही घडीवाले काका म्हणायचो. नाव विचारलं तर नुसते बघायचे. पण धुतलेल्या चादरी आल्या की उठून बसायचे आणि सगळ्यांच्या घड्या घालायचे, काठाला काठ लावून. एका दोऱ्याचाही फरक नाही. शिंपीण म्हणाली, “मी शिकवलं ते.” आणि त्या परक्या माणसाच्या पायथ्याशी चादर ओढली गेली होती, ती तिने सरळ केली.

जाताना परिचारिकेने नोंद पडद्यावर उघडून दाखवली. शिंपीण वाकून सावकाश वाचत होती. एका शब्दावर तिचं बोट थांबलं.

“दाहव्रण म्हणजे काय हो?”

“भाजल्याची खूण,” परिचारिका म्हणाली.

“मग तसं लिहायचं ना,” शिंपीण म्हणाली.

ती आवाज न चढवता म्हणाली. बाईंकडे पाहूनही म्हणाली नाही. परत येताना ती दोन थांबे आधीच उतरली.

त्यानंतर यादी पुन्हा बदलली. लंबूने सांगितलं होतं, की आता शब्द कितीही बदला, नोंदीत क्रमांक आहेत, त्यांना काही होत नाही. बाईंचा त्याच्यावर विश्वास होता, पण स्वतःच्या हातावर नव्हता. ‘दाहव्रण’ पुसून ‘भाजल्याची, पोळल्याची खूण’ लिहायला त्यांना एक अख्खा दिवस लागला आणि त्यानंतर तीनदा त्यांनी लंबूला जुळणी लावून दाखवायला सांगितलं. त्याने न कुरकुरता लावली. साहेबांना आता कुठल्याच शब्दाचं हसू आलं नाही. पितळी पाटी बाईंनी टेबलावरून काढून साहेबांच्या खणात ठेवली. त्यांनी कधी विचारलं नाही.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तेवढी वर्षं बाई आठवड्यातून एक दिवस खिडकीवर बसल्या. नोंद करायला आलेल्या माणसाने सांगितलेलं सगळं त्या आधी त्याच्याच शब्दांत कागदावर घ्यायच्या, मग यादीतला शब्द वाचून दाखवायच्या आणि विचारायच्या, की तुम्हाला हेच म्हणायचं होतं ना? रांग वाढायची, मागचे लोक खाकरायचे. बाई दुसऱ्यांदा विचारायच्या. कोऱ्या राहिलेल्या एकसष्ट नोंदींपैकी एकोणीस त्यांनी जुन्या पत्त्यांवर पायी हिंडून भरल्या. बेचाळीस घरांची माणसं कुठे गेली कुणाला माहीत नव्हतं. त्या बेचाळीसांचे क्रमांक त्यांना पाठ झाले होते. भाजी निवडताना, जिना चढताना ते ओठांवर यायचे. यजमान एखादवेळी पुढचा क्रमांक स्वतःच म्हणायचे, हळूच, त्यांना सोबत म्हणून.

शिंपीण कचेरीत पुन्हा आली नाही. यायचं काही कारणच उरलं नव्हतं. निवृत्तीनंतर एकदा, भर दुपारी, कापडाच्या बाजारात बाईंना ती समोरून येताना दिसली. दोन्ही हातांत ताग्यांचं मोठं ओझं, खांद्यावर मोजपट्टी. गल्ली अरुंद होती, दोघींना अंग चोरून एकमेकींच्या जवळून जावं लागलं. बाई थांबल्या. शिंपिणीने त्यांच्याकडे पाहिलं, तिची मान किंचित हलली, आणि ती पुढे गेली. ती मान ओळखीने हलली, की हातातून घसरणारं ओझं सावरताना, हे कानामात्राबाईंना आजतागायत कळलेलं नाही.